धाऊचा ठोका

मुरबाडहून शहापूरला जाताना मधल्या कुठल्याही गावात उतरा आणि महादू मास्तरचं नाव काढा. माणसं आधी त्याच्या कानाबद्दल बोलतील, बेंजोबद्दल मागाहून. वरातीत सगळी पार्टी रंगात आलेली असताना ताशावाल्यानं तंबाखू मळायला एक काडी खाली ठेवली, तरी मास्तर मान न वळवता शिवी हासडायचा म्हणे. यातलं निम्मं खरं धरा. निम्म्यावरसुद्धा तो कान काही ऐऱ्यागैऱ्याचा नव्हता, आणि मास्तरला त्याचा गर्व होता. गर्व होता म्हणजे चांगला भरघोस होता.

बाप भातशेती करणारा. पोरानं शेतात राबावं असं त्याला वाटत होतं, आणि पोरगं बांधावर बसून बेंजोच्या बटणांशी खेळत होतं. पुढं त्यानं आसपासच्या गावांतले वाजवणारे गोळा केले आणि ‘नवतरुण बेंजो पार्टी’ काढली. त्या नवतरुणांतले जे हयात आहेत त्यांच्या तोंडात आज कवळ्या आहेत, पण नाव बदलायचं कोणी मनावर घेतलं नाही.

मास्तरची एक रीत होती. वरातीत बाकीचे मास्तर पुढं तोंड करून चालायचे. हा पार्टीपुढं उभा राहून उलटा चालायचा. गळ्यात बेंजो, पाठीमागं रस्ता, समोर नाचणारे. डोळे त्यांच्या पायांवर. कुणाचे पाय जड झाले, कुणाला आता जोराची चाल पाहिजे, कोणती म्हातारी अजून लाजतेय, हे बघून तो भुवई उडवायचा आणि पार्टी चाल बदलायची. खड्डे, शेण, बैलगाड्या, सगळं पाठीनं चुकवायचा. आयुष्यभर असा उलटा चालला, पण पडला म्हणून कधी ऐकलं नाही.

मग कॅसेटचा जमाना आला. घरोघरी टेप आले, आणि हळदीच्या मांडवात सिनेमातली गाणी वाजू लागली. धवलारीण बिचारी एका कोपऱ्यात पदर सावरून बसलेली दिसायची. धवलारीण म्हणजे आमच्याकडं लग्न लावणारी बाई. ती धवला गाते आणि त्या गाण्यानंच लग्न लागतं. गाण्यात ती देवांना बोलावते, नवऱ्याचं, नवरीचं, त्यांच्या बापांचं, गावाचं नाव घेते, आणि शेवटचा धवला संपला की जोडपं जोडपं होतं. असली बाई कोपऱ्यात आणि सिनेमातली नटी कर्ण्यावर, हे मास्तरला सोसवेना. त्यानं ठरवलं, धवल्याचीच कॅसेट काढायची. बाईचा गळा आणि खाली नवतरुण बेंजो. असं तोवर कोणी केलं नव्हतं. भावकीतले म्हणाले, याच्या डोक्यावर परिणाम झालाय.

त्या वेळी या भागातली सगळ्यात मोठी धवलारीण गीताबाई. नवतरुणांसकट निम्म्या तालुक्याची लग्नं तिनं लावलेली. मास्तरनं तिच्या दारात किती खेटे घातले ते त्यालाच ठाऊक. शेवटी म्हातारी एकदाची कबूल झाली आणि सगळे कल्याणला स्टुडिओत गेले. स्टुडिओ म्हणजे एका शिंप्याच्या दुकानामागची खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. गीताबाईनं आत पाऊल टाकलं, इकडं तिकडं बघितलं आणि विचारलं, “नवरा-नवरी कुठंयत?”

“नवरा-नवरी नाय बाय, नुसतं गायचं हाय. टेप होणार.”

“टेप होवदे नायतर काय बी होवदे. मी देवांना हाक मारणार, देव येणार, आन पाटावर कोण नाय बसलेला. मग देवांनी काय करायचं? तुझ्या गाद्या बघायच्या?”

म्हातारी हटून बसली. मास्तरनं हात जोडले, चहा मागवला, भजी मागवली. म्हातारीनं भजी खाल्ली आणि परत तेच विचारलं. स्टुडिओवाला घड्याळ बघायला लागला. अखेर मास्तरनं डोकं चालवलं. शिंप्याकडचे दोन पाट मागून आणले आणि आपलीच दोन माणसं त्यांवर बसवली. नवरा म्हणून धाऊ. धाऊ नवतरुणचा ढोलकीवाला, उंचापुरा, कमी बोलणारा, पार्टीत तेवढा एकटाच बिनलग्नाचा राहिलेला. पाटावर बसूनही मांडीवर ढोलकी घेऊन वाजवता येईल म्हणून तो. आणि नवरी म्हणून मंगळी. मंगळी लडकूची मुलगी, मागं झील धरायला, म्हणजे धवल्याची ओळ मागून उचलायला, आणलेल्या पोरींतली एक. तिची सोयरीक भिवंडीकडं ठरलेली होती, मुलगा कारखान्यात कायम नोकरीला. बाकीच्या पोरी खिदळायला लागल्या. मंगळीही हसत हसत बसली. नाटक तर होतं!

मास्तरनं गीताबाईला बजावून ठेवलं होतं की नावं खोटी घ्यायची. पण म्हातारीनं डोळे मिटले, एक हात कानावर ठेवला आणि देवांना हाक मारली, तेव्हा खोलीतलं खिदळणं आपोआप थांबलं. ती अशी काही गायली की स्टुडिओवाल्यानं घड्याळ काढून खिशात टाकलं. आणि नावांची जागा आली तशी तिनं डोळे उघडून पाटावर कोण आहे ते बघितलं आणि घेतलं, “नवरी मंगळी गो, लडकूची लेक,” गावासकट. नवरा धाऊ, त्याच्या बापासकट, गावासकट. देवापुढं खोटं नाव ती कुठली घेते!

आणि तिथंच तो ठोका पडला. मंगळीचं नाव संपतं, ताल अजून समेवर यायचा असतो, आणि धाऊची ढोलकी मध्येच, आडवी, कडाडून बोलते आणि घुमत राहते. मग मागची झील उचलली जाते. तो ठोका हिशोबात नव्हता. नेमक्या त्या जागी तसा मारावा असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. कानावर हेडफोन चढवून बसलेल्या मास्तरच्या अंगावर काटा आला.

धवला संपला आणि सगळे शेवटची एसटी गाठायला पळाले. मागं राहिले मास्तर आणि स्टुडिओवाला. दोघांनी टेप परत लावली. स्टुडिओवाला म्हणाला, “खरी नावं आलीत. कापू?” मास्तरनं विचार केला. नाव कापायचं तर ठोका पण जाणार. आणि तो ठोका गेला तर त्या कॅसेटीत राहिलं काय? “कोण ओळखतंय,” मास्तर म्हणाला, “राहू दे.”

कॅसेट निघाली आणि नुसती धूम! शहापूर, मुरबाड, वाशिंद, भिवंडी, जिथं हळद तिथं हीच कॅसेट. ढोलकीवाले गावोगावी तो ठोका घोटवायला लागले. त्याला नावच पडलं, ‘धाऊचा ठोका’. आजही या भागात पोरगा ढोलकी शिकायला बसला की त्याला तो येतो का ते आधी बघतात. धाऊला लोक विचारायचे, कसा रे सुचला? धाऊ जमिनीकडं बघत म्हणायचा, “देवानं मारून घेतला.”

भिवंडीकडच्या त्या घरानंही एका हळदीत ती ऐकली. मंगळी, लडकूची लेक, गावसुद्धा तेच. मुलाच्या आईनं दोनदा लावून घेतली आणि सांगावा धाडला की लागलेल्या लग्नाची पोरगी आम्हाला नको. लडकू बोंबलत गीताबाईकडं गेला. ती शांतपणे म्हणाली, “मी धवला पुरा गायलेय. ते दोघं नवरा-बायको हायत. आता दुसरं लगीन लावीन, तर आधीच्या देवांना काय सांगू?” धाऊला विचारलं, तो लगेच हो म्हणाला. मंगळीला कोणी विचारलं नाही. तिला कपडे बांधून धाऊच्या घरी पोचती केली. मांडव नाही, हळद नाही, बेंजो नाही. सगळं होऊन गेलंय म्हणाले.

मंगळी तेव्हापासून एकच गोष्ट सांगत आली. “मी तवाच बोलले होते, माझं नाव नको म्हणून.” कोणी मानलं नाही. झीलवाल्या पोरी म्हणाल्या, आम्हाला तर ऐकू आलं नाही, तू हसत होतीस गो. गीताबाईला तर गायला लागली की स्वतःच्या गळ्याशिवाय काही ऐकू यायचं नाही. धाऊ म्हणाला, मी वाजवत होतो. आणि मास्तरनं तर भर चावडीवर कानाची शपथ घेऊन सांगितलं, “हेडफोन लावून बसलेलो मी. डास बोलला असता तरी ऐकला असता. ही एक शब्द बोलली असती, तर तिथंच टेप बंद केली असती.” झालं! मास्तरचा कान म्हटल्यावर पुढं कोण काय बोलणार?

तिचं आयुष्य वाईट गेलं असं नाही. धाऊ पीत नव्हता, हात उचलत नव्हता. पोरं झाली, शिकली, कामाला लागली. मंगळीनं शहापूरच्या बाजारात सुक्या मासळीची पाटी लावली आणि ती चांगली चालवली. भिवंडीकडं सुखात राहिली असती की नाही, कोण सांगणार. पण कुठल्याही हळदीला गेली की ती कॅसेट लागायची, आणि नाव आलं की बायका कोपरानं ढोसायच्या, “मंगळी, उठ गो, तुझं लगीन लागतंय!” म्हातारी झाली तरी दर मोसमात तिचं लग्न लागतच होतं. आधी ती चिडून सांगायची, मी नको बोलले होते. मग नुसतं सांगायची. पुढं पुढं सांगायचंच सोडलं.

मास्तरचाही काळ गेला. बेंजो गेले, डीजे आले, मास्तरचे गुडघे गेले. कान मात्र शाबूत. ओसरीवर बसून रस्त्यावरच्या जीपचा आवाज ऐकून ड्रायव्हरचं नाव सांगायचा आणि बरोबर निघालं की खुशीत यायचा. तशात यंदा वाशिंदचा सुयोग आला. नव्या इमारतीतल्या फ्लॅटमध्ये स्टुडिओ थाटलेला, केसांना रंग लावलेला, पण कामाचा पोरगा. म्हणाला, “मास्तर, तुमचा धवला सगळे वाजवतात, पण कॉपीवरून कॉपी केलेला. खरखर नुसती. मूळ टेप असेल तर मी साफ करून नव्यानं काढतो. तुमचं नाव ठळक टाकतो.”

मास्तरला कोणी नाव टाकतो म्हणालं त्याला बरीच वर्षं झाली होती. त्यानं बेंजोच्या पेटीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं मूळ टेपचं स्पूल काढलं आणि स्वतः सुयोगसोबत वाशिंदला गेला. सुयोगनं कुठून कुठून जुनं मशीन मिळवून ठेवलं होतं, त्यावरून त्यानं तो धवला कॉम्प्युटरमध्ये घेतला. आता तर म्हणे एकाच टेपमधला गळा वेगळा, बेंजो वेगळा, ढोलकी वेगळी काढता येते. मास्तर म्हणाला, “काय तरीच!” सुयोगनं बेंजो बंद करून दाखवला. नुसती गीताबाई गायला लागली. मास्तरचे डोळे भरून आले. म्हातारी मरूनही कितीतरी पावसाळे झाले होते.

“आता ढोलकी काढतो,” सुयोग म्हणाला. “तुमच्या त्या फेमस ठोक्याखाली काहीतरी आहे. कोणीतरी मध्येच बोललंय वाटतं. साफ करून टाकतो.”

“कोण बोललंय?” मास्तर हसला. “मी होतो तिथं. कोण नाय बोललं.”

सुयोगनं ढोलकी बंद करून ती जागा लावली. गीताबाईचा आवाज, “नवरी मंगळी गो, लडकूची लेक.” आणि मग जिथं इतकी वर्षं ठोका पडत होता तिथं ठोका नव्हता. तिथं एका पोरीचा आवाज होता, दबलेला पण स्वच्छ. “बाय, माझं नाव नको गो. दुसऱ्या कुनाचं पन घे.”

मास्तरनं परत लावायला सांगितलं. मग ढोलकी चालू करून लावायला सांगितलं. पोरीचं “बाय” सुरू होतं, त्याच क्षणाला ठोका पडतो आणि त्याच्या घुमण्यात पुढचे शब्द बुडतात. आधी नाही, नंतर नाही. पाटावर शेजारी बसलेल्या माणसालाच ते साधलं असतं. दुसऱ्या कुणाला शब्द पोचायच्या आत हात पडला होता.

महादूला लाज वाटली. साधी, सरळ लाज, भर रस्त्यात धोतर सुटावं तशी. ज्या कानाची त्यानं एवढी वर्षं शपथ वाहिली, त्या कानानं ठोका ऐकला आणि पोरगी सोडली होती.

“काय करू मास्तर?” सुयोग विचारत होता. “आवाज उडवू ना?”

“हात नको लावूस. मोबाईलवर घालून दे.”

दुसऱ्या दिवशी शहापूरचा बाजार होता. मास्तर जीपनं गेला. मंगळी नेहमीच्या जागी पाटीमागं बसली होती, पुढं जवळा, बोंबील, सोडे. शेजारी धाऊ गिऱ्हाइकांसाठी कागदाच्या पुड्या बांधत होता. मास्तरला बघून धाऊ उठला, बसायला गोणपाट दिलं. मास्तर बसला. काय बोलायचं ते जीपमध्ये ठरवलेलं सगळं विसरला. त्यानं मोबाईल लावून मंगळीच्या हातात दिला आणि खुणेनं सांगितलं, कानाला लाव.

तिनं एका कानाला मोबाईल लावला, दुसऱ्यावर तळवा दाबला. बाजारात गलका होता. एक बाई बोंबलाचा भाव विचारत होती, तिला कोणी उत्तर दिलं नाही.

“परत लावा,” मंगळी म्हणाली.

मास्तरनं परत लावलं. मग आणखी एकदा. तिचे ओठ हलत होते, त्या पोरीसोबत तेच शब्द म्हणत होते. मोबाईल खाली घेऊन ती म्हणाली, “मलाच वाटायला लागलेलं, मी बोललेच नसेन. एवढी सगळी माणसं बोलतात तर मीच येडी असेन.”

“मंगळी, मी नाय ऐकलं गो,” मास्तर म्हणाला. “खरंच नाय ऐकलं.”

“मला वाटलं, तुमी ऐकलंत. मास्तरच्या कानातनं काय सुटतं? म्हणून तर मी परत नाय बोलले. मनात बोलले, आता मास्तर काढतील.” ती भांडत नव्हती, फक्त सांगत होती. मास्तरला ती भांडली असती तर बरं वाटलं असतं.

मग तिनं मोबाईल नवऱ्यापुढं धरला. “यांना पन ऐकवा.”

धाऊनं मोबाईल घेतला नाही. हातातली पुडी त्यानं नीट बांधली, दोऱ्याची गाठ मारली, पाटीच्या कडेला ठेवली. “मला नको,” तो म्हणाला. “मी तवाच ऐकलंय.”

एवढंच बोलला. मंगळी त्याच्याकडं बघत राहिली. इतकी वर्षं ताटाला ताट लावून जेवलेला माणूस. दर हळदीला बायका तिला हसत होत्या तेव्हा हा मांडवाबाहेर बिडी ओढत उभा असायचा, आणि हा एकटा जाणून होता की ती खरं बोलतेय. त्याला ती हवी होती, म्हणून त्यानं ढोलकीवर हात मारला. हे एका अर्थानं प्रेमच होतं. म्हणून काय झालं? मंगळीला त्या घटकेला त्याचा संताप आला, आणि तो तिनं गिळला नाही. “उठा इथनं,” ती म्हणाली. “माझ्या पाटीवर नका बसू आज.”

धाऊ उठला आणि एसटी स्टँडच्या दिशेनं चालू लागला.

“पोरगा नवीन काढतोय कॅसेट,” मास्तर चाचरत म्हणाला. “तुझं नाव पार काढून टाकायला सांगतो. इतक्या वर्षांनी का होईना.”

मंगळीनं बोंबलाची जुडी उचलून झटकली आणि परत ठेवली. “नाव राहू दे आता. नावाला सगळा गाव ओळखतो.” मग म्हणाली, “ठोका काढा. आन माझं बोलणं ठेवा.”

 त्या ठोक्यासाठीच मास्तरनं नाव राखलं होतं. त्या ठोक्यावर त्याचं आणि नवतरुणचं नाव उभं होतं, आणि आता नव्यानं ठळक छापून येणार होतं ते त्याच्याच जोरावर. तिलाही हे ठाऊक होतं. ती वाट बघत होती.

“ठेवतो,” तो म्हणाला.

सुयोगनं कपाळावर हात मारून घेतला. “मास्तर, हुक आहे तो! पब्लिक त्याच्यावर तर उडी मारतं. तो काढला तर नाचणार कोण?” मास्तर म्हणाला, “नको नाचूदेत.” पोरानं खूप समजावलं. दोन्ही प्रकारे काढू म्हणाला. मास्तरनं स्पूल काखेत मारलं आणि दाराकडं निघाला, तेव्हा पोरगं ताळ्यावर आलं.

या वैशाखात किन्हवलीच्या अलीकडच्या एका गावात हळद होती. डीजेवाल्यानं नवा धवला लावला. मांडव पोरांनी गच्च. मास्तर खुर्ची उलटी करून, नाचणाऱ्यांकडं तोंड करून बसला होता, जुनी खोड. बायकांच्या घोळक्यात मंगळी नवरीला हळद लावत होती. धाऊ मांडवाबाहेर होता. मंगळी त्याच्याशी बोलायला लागली होती, पण कामापुरतंच.

गीताबाईनं देवांना हाक मारली. नाव जवळ आलं तशी बायकांची कोपरं सवयीनं उचलली गेली. पोरांनी उडी मारायला गुडघे वाकवले. मास्तरचे डोळे त्यांच्या पायांवर होते. “नवरी मंगळी गो, लडकूची लेक.” पोरांनी उडी घेतली आणि खाली ठोका आलाच नाही. पाय वेडेवाकडे पडले, दोघं एकमेकांवर आदळले. आणि मांडवाच्या चारी कोपऱ्यांतल्या त्या भल्यामोठ्या स्पीकरांतून एक पोरगी म्हणाली, “बाय, माझं नाव नको गो. दुसऱ्या कुनाचं पन घे.”

झील उचलली गेली, गाणं पुढं गेलं. पण मांडवात कोणी नाचेना. बायका मंगळीकडं बघायला लागल्या. त्यांतल्या दोघी त्या दिवशी कल्याणला झील धरायला होत्या. त्यांनी कोपरं खाली घेतली.

मंगळीनं नवरीच्या दुसऱ्या गालाला हळद लावली, हात पदराला पुसला आणि मान वर केली.

“बोलले होते ना मी?”